बायोप्सीत ‘कॅन्सर नाही’. पण सुई गाठीतच गेली होती का?

पुणे : येरवड्यातील एखाद्या महिलेच्या हाती स्तनाच्या बायोप्सीचा ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला की घरचे निर्धास्त होतात. पण तपासलेला तुकडा गाठीतलाच होता का?

सोनोग्राफीत पाहत डॉक्टर सुई छातीला समांतर ठेवतात. बटण दाबताच ती साधारण २ सेंटिमीटर पुढे झेपावते. तिरकी असेल तर फुफ्फुसाला धोका. खरी मेख पुढे आहे. गाठीला घासून गेलेली सुईही पडद्यावर आत शिरल्यासारखी दिसू शकते. म्हणून प्रोब ९० अंशांत फिरवून पुन्हा खात्री करतात.

मॅमोग्राफीत दिसलेले कॅल्शियमचे कण असतील, तर काढलेल्या तुकड्यांचाच एक्स-रे घेतात.

मॅमोग्राफीत गाठ संशयास्पद आणि रिपोर्ट मात्र साफ, असे असेल तर रेडिओलॉजिस्टला जरूर विचारावे. दोन्ही जुळत नसतील तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.