पाणबुडीचे सुटे भाग आणि आपलीं गांवें

पाणबुडी समुद्रांत चालते. परंतु तिचा बराचसा भाग समुद्र न पाहिलेल्या गांवांतून तयार होतो, ही गोष्ट आपल्या शेतकरी वर्गाच्या फारशी ध्यानांत आलेली नाहीं. मुंबईस माझगांव गोदींत तिची जुळणी होते, अणुशक्तीवर चालणारी विशाखापट्टणम् येथें बांधली जाते. तथापि तिला लागणारे गिअर, पंप, झडपा, नळ्या, विजेच्या तारा, पोलादाच्या ओतीव व घडीव वस्तू देशांत ठिकठिकाणच्या लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर हें त्यांपैकींच एक ठिकाण होय. २००९ सालच्या जुलैच्या २६ तारखेस विशाखापट्टणम् येथें ‘अरिहंत’ पाण्यांत सोडण्यांत आली. तिच्या वाफेच्या टर्बाइनसंबंधींची यंत्रसामग्री याच गांवच्या कारखान्यानें पुरविली होती. नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर जेथें ऊंस उभा राहिला, तेथेंच हें काम व्हावें यांत एक संगति आहे. तिचा शेतकऱ्याच्या दृष्टीनें विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु.

असा कारखाना तालुक्यांत येणार अशी नुसती कुणकुण लागली कीं दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. एका बाजूस जमिनीचा दलाल असतो. त्याच्या तोंडीं ‘डिफेन्स’ हा एकच शब्द, आणि तेवढ्या शब्दावर तो गुंठ्याचा भाव रातोरात चढवून दाखवितो. दुसऱ्या बाजूस आमचेच कित्येक वृद्ध बांधव म्हणतात कीं, लढाईच्या सामानाशीं शेतकऱ्याचा संबंध काय? तो कारखाना आला काय आणि न आला काय, आमची बाजरी तेवढीच पिकणार. आम्हांस हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. पहिलें तर सरळ फसवें आहे. दुसरें फसवें नसलें तरी त्यांत आपलेंच नुकसान आहे, कारण जो व्यवहार आपण समजून घेत नाहीं त्याच्या अटी दुसराच कोणी ठरवितो.

व्यवहाराच्या दृष्टीनें पाहतां साखर कारखाना आणि पाणबुडीचे भाग करणारा कारखाना यांत एक मूलभूत फरक आहे. साखर कारखाना आसपासच्या हजारों शेतकऱ्यांकडून ऊंस विकत घेतो व त्याचा पैसा थेट शेताच्या बांधापर्यंत पोंचतो. भाव कमी मिळो, उशिरा मिळो, त्यावरून भांडणें होवोत. गाळप चालू आहे तोंवर त्या कारखान्यास शेतकऱ्यावांचून गत्यंतर नाहीं. पाणबुडीच्या भागांचा कारखाना गांवचें असें कांहींच विकत घेत नाहीं. त्याचें पोलाद दुरून येतें, पुष्कळशीं यंत्रें परदेशांतून येतात, नकाशे मुख्य गोदीकडून येतात, आणि तयार मालाचें शेवटचें गिऱ्हाईक देशांत एकच, तें म्हणजे सरकारचें नौदल. गांवाजवळ त्यास विकण्यासारखी वस्तु एकच आहे: माणसाच्या हाताचें कसब. दूध, भाजी, खोल्यांचें भाडें, टेम्पोची वाहतूक हें सारें त्या कसबाच्या पगारामागून येतें, पुढून नव्हे.

आणि हें कसब सामान्य नव्हे. पाण्यांत दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दोनशें मीटरांवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर वीस किलोंच्या वर भार येतो. अशा ठिकाणीं एखादा सांधा किंवा एखादी झडप कच्ची राहिली तर आंतील सर्व माणसांचे प्राण धोक्यांत. म्हणून सांध्यांची क्ष-किरणांनीं किंवा ध्वनिलहरींनीं तपासणी होते, पोलादाच्या तुकड्याबरोबर त्याचा दाखला चालतो, आणि काम करणाऱ्या माणसाचीहि परीक्षा घेतली जाते. असा वेल्डर एका हंगामांत तयार होत नाहीं. त्यास वर्षें लागतात, आणि हात रिकामा राहिला कीं तो बिघडतो. ज्या गांवच्या मुलांनीं हें कसब मिळविलें त्या गांवास कारखान्याचा खरा लाभ. जेथें कारागीर सर्वस्वीं बाहेरून आणले गेले, तेथें गांवास खोल्यांचें भाडें मिळतें आणि शेतमजुरी महाग होते, एवढेंच. (मजुरी वाढणें मजुराच्या दृष्टीनें इष्टच आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं, तथापि ज्याची दहा एकर बागाईत आहे त्यानें त्या वाढीचा हिशेब आधींच मांडून ठेवावा.)

वालचंदनगरचा इतिहास या बाबतींत पाहण्यासारखा आहे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें कळंबच्या माळावर ऊंस आला व १९३० नंतरच्या दशकांत साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याचीं यंत्रें दुरुस्त करण्यासाठीं वर्कशॉप आलें. दुरुस्ती करतां करतां साखरेचीं यंत्रें तेथेंच होऊं लागलीं. पुढें सिमेंटचीं, मग अणुशक्तीच्या व अवकाशाच्या कामाचीं, आणि त्यांतच नौदलाचीं. जमिनीची वाट मात्र निराळी झाली. १९६१च्या कमाल जमीन धारणेच्या कायद्यानंतर खाजगी साखर कारखान्यांचे मळे शेती महामंडळाकडे गेले, आणि खंडानें दिलेल्या जमिनी परत मिळविण्यांत खंडकऱ्यांच्या पिढ्या झिजल्या. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस तें सांगावयास नको. वर्कशॉपांत शिकलेल्या फिटराचें कसब एका मालावरून दुसऱ्या मालावर नेतां आलें. दिलेल्या जमिनीचें तसें झालें नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग मुलांस वेल्डिंग शिकवावें कीं झालें. तसें नाहीं. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेलें कसब हें एकाच आडावर अवलंबून असलेल्या मळ्यासारखें असतें, व आड आटल्याचा अनुभव आपल्याच राज्यांत आलेला आहे. १९८१ सालीं एका जर्मन कंपनीशीं चार पाणबुड्यांचा करार झाला; दोन जर्मनींत व दोन माझगांव गोदींत बांधावयाच्या होत्या. ‘शल्की’ १९९२ सालीं व ‘शंकुल’ १९९४ सालीं नौदलांत दाखल झाली. आणखी दोन बांधण्याचा विचार होता. परंतु मध्यंतरीं दलालीच्या आरोपांचा गदारोळ उठला आणि तो विचार मागें पडला. पुढचा करार झाला तो थेट २००५ सालच्या ऑक्टोबरांत, फ्रेंच धर्तीच्या सहा पाणबुड्यांचा. ‘शंकुल’ बाहेर पडल्यापासून अकरा वर्षें गोदीस नव्या पाणबुडीचें काम नव्हतें. कष्टानें तयार केलेले कारागीर पांगले, कांहीं निवृत्त झाले, आणि पुष्कळसें पुन्हां पहिल्यापासून शिकावें लागलें. पहिली ‘कलवरी’ दाखल व्हावयास २०१७ सालचा डिसेंबर उजाडला. गोदीजवळ निदान इतर युद्धनौकांचें काम होतें. ज्या लहान कारखानदारानें केवळ याच कामासाठीं कर्ज काढून यंत्र घेतलें असेल, त्याचे हप्ते कांहीं अकरा वर्षें थांबले नसतील.

इंग्लंडांतील बॅरो-इन-फर्नेस या गांवानें हेंच दुःख अधिक तीव्रपणें भोगलें. तेथें १९०१ सालापासून पाणबुड्या बांधल्या जातात, व गांवचा दुसरा मोठा धंदा असा फारसा उरला नव्हता. शीतयुद्ध संपलें आणि मागणी आटली. १९९० सालीं गोदींत १४,५०० माणसें कामावर होतीं. १९९५च्या फेब्रुवारींत ५,८०० राहिलीं, आणि गांवांतील बेकारी शेंकडा साडेचारांवरून दहांवर गेली. गोदी सुटलेला माणूस दुकानांत येत नाहीं, दुकानदार उधारी बंद करतो, मुलें गांव सोडतात. हें चक्र दुष्काळी तालुक्यांतील माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुढें सरकारास पुन्हां पाणबुड्या हव्याशा झाल्या तेव्हां नकाशे करणारे व अनुभवी कारागीर पुरेसे उरले नव्हते. ‘अस्ट्यूट’ ही पाणबुडी २००१ सालीं बांधावयास घेतली ती २०१० सालीं नौदलांत दाखल झाली, आणि मध्यें अमेरिकेंतील कंपनीचे जाणते लोक मदतीस बोलवावे लागले. मजूर काढून वांचविलेला पैसा उशिरापायीं कित्येक पटींनीं बाहेर गेला असावा, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतहि तीच कथा. १९८० नंतरच्या दशकांत तेथें पाणबुडीच्या कामांत १७ हजारांच्या घरांत पुरवठादार होते असें सांगण्यांत येतें. ‘सीवुल्फ’ जातीच्या २९ पाणबुड्यांचा बेत होता, तो तीनांवर आला. पुरवठादारांची संख्या घटत घटत कांहीं हजारांवर आली. आज तेंच सरकार हात शोधीत फिरत आहे, आणि फिरत फिरत तें एका तंबाखूच्या मुलुखांत येऊन पोंचलें आहे. व्हर्जिनिया प्रांतांतील डॅन्व्हिल हें तंबाखूच्या बाजाराचें व कापडगिरणीचें गांव. तेथील मोठी गिरणी २००६ सालीं बंद पडली. २०२१ सालापासून त्याच गांवीं संरक्षण खात्याच्या पैशानें पाणबुडीच्या पुरवठादारांसाठीं वेल्डिंग, लेथकाम, मोजमाप व सांध्यांची तपासणी यांचें सोळा आठवड्यांचें शिक्षण दिलें जातें. ही गोष्ट स्तुत्य आहे. पण शिकून निघालेलीं मुलें देशभरच्या कारखान्यांत जातात, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. शाळा गांवांत आणि कारखाना परगांवीं अशी विभागणी झाली तर गांवच्या पदरीं काय पडतें, हा प्रश्न तेथेंहि आहे आणि येथेंहि राहील.

उलट, कसबास अनेक गिऱ्हाइकें असलीं म्हणजे काय होतें याचीं उदाहरणें आपल्या दाराशीं आहेत. किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली ती लोखंडी नांगरावर; पुढें चरक आले, पंप आले. कोल्हापुरास ऑइल इंजिनांच्या दुरुस्तींतून इंजिनें करणारे झाले व त्यांतून ओतकामाचे शेंकडों कारखाने निघाले. या सर्वांचें पहिलें गिऱ्हाईक शेतकरी होता, आणि एका पिकाचा भाव पडला तरी दुसऱ्या मुलुखाची मागणी येत राही. अशा ओतशाळेनें पाणबुडीच्या झडपेचें काम घेतलें तर तें तिला भूषण आहे व फायद्याचेंहि आहे, कारण त्या कामाची कडक तपासणी शिकलेला हात मोटारीचा किंवा पंपाचा भागहि अधिक चोख काढतो. ऑर्डर संपली तरी भट्टी विझत नाहीं. केवळ झडपेसाठींच उभारलेली ओतशाळा मात्र आम्हांस धोक्याची वाटते, मग तिच्या दारावर कितीहि मोठी पाटी असो.

पैशाच्या उशिराबद्दलहि दोन शब्द. उसाचा पैसा चौदा दिवसांत द्यावा असा १९६६ सालचा हुकूम आहे. तो किती पाळला जातो हें आपण जाणतां. लहान कारखानदारास मालाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत मिळावेत असा २००६ सालचा कायदा आहे. पाणबुडीच्या कामांत माल तपासला जाऊन पसंत होईपर्यंतच पुष्कळ काळ जातो. अशा कारखानदाराचा पैसा अडकला म्हणजे त्याच्याकडे कामास असलेल्या आपल्याच मुलाचा पगार अडकतो. तेव्हां उसाच्या थकबाकीविरुद्ध ओरडणाऱ्या शेतकऱ्यानें या दुसऱ्या थकबाकीकडे परक्याची म्हणून पाहूं नये.

२०२५ सालच्या १५ जानेवारीस त्या सहांपैकीं शेवटची ‘वागशीर’ नौदलांत दाखल झाली, तेव्हां पुढील पाणबुड्यांचा करार झालेला नव्हता. जर्मन धर्तीच्या सहा पाणबुड्यांविषयीं माझगांव गोदीशीं बोलणीं त्या सालीं पुढें सुरू झालीं. बोलणीं सुरू होणें आणि लहान कारखान्याच्या हातीं ऑर्डर पडणें यांत किती काळ जातो, हें वरील तारखांवरून वाचकांनींच ताडावें. या बोलण्यांच्या भरवशावर कांहीं तालुक्यांत जमिनीचे व्यवहार होतील. त्या आधीं ग्रामसभेनें कारखानदारास बोलावून कांहीं गोष्टी स्पष्ट विचाराव्या. तीस किंवा अधिक माणसें असलेल्या कारखान्यास कायद्यानें शेंकडा अडीच ते पंधरा उमेदवार शिकाऊ म्हणून घ्यावे लागतात. त्यांत पंचक्रोशींतील किती घेणार, आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेशीं तसा लेखी करार करणार काय? हातीं असलेलें काम किती वर्षांचें आहे? तें संपल्यावर त्याच यंत्रांवर दुसरा कोणता माल काढण्याचा बेत आहे, व त्याचें गिऱ्हाईक कोण? या शेवटच्या प्रश्नास नीट उत्तर मिळेपर्यंत जमीन बिगरशेती करण्याची घाई कोणीहि करूं नये, आणि विसार तर मुळींच घेऊं नये.