संगणकाची नक्कल आणि दोन किल्ल्यांचा नियम

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. नोकरीत असताना हा नियम मला अनेकदा जाचक वाटे. त्याचे खरे मोल निवृत्तीनंतर, एका परिचित व्यापाऱ्यांच्या पेढीवर कळले.

पेढीचा संगणक मंदावला होता. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी आणि विंडोजसह सर्व काही जसेच्या तसे तिच्यावर उतरवून घ्यावे, असे ठरले. यालाच ‘क्लोनिंग’ म्हणतात. चिरंजीवांनी ते काम एकट्यानेच आरंभले. पडद्यावर दोन डिस्कची नावे होती. मूळ कोणती व नवी कोणती, यात गल्लत झाली आणि रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उमटली. सहा वर्षांची खाती क्षणात दिसेनाशी झाली. धाकट्या बंधूंनी पंधरवड्यापूर्वी पेनड्राइव्हवर घेतलेली हिशेबाची प्रत घरी होती, म्हणून पेढी सावरली. तरीही पंधरा दिवसांची बिले पुन्हा नोंदवावी लागली.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात. म्हणून क्लोनिंगपूर्वी हिशेबाची स्वतंत्र प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते, याची खात्री करावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

अनेकांचा समज असतो की ‘सी’ ड्राइव्हची नक्कल केली की काम झाले. परंतु अलीकडच्या संगणकांत विंडोज सुरू करणारा भाग एका लहानशा, एरवी न दिसणाऱ्या विभागात असतो. तो राहून गेला तर नवी डिस्क सुरूच होत नाही. म्हणून संपूर्ण डिस्कचीच नक्कल करावी. ‘क्लोनझिला’ ही प्रणाली त्यासाठी विनामूल्य मिळते; मात्र तिच्यासाठी नवी डिस्क सहसा मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. 500 जीबीच्या जागी 480 जीबीची एसएसडी आणली तर काम अडते. ‘बिटलॉकर’ चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

आता दोन किल्ल्यांचा नियम. दोन्ही डिस्कचे मॉडेल व क्षमता कागदावर लिहाव्यात. एकाने पडद्यावरील नाव मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने कागदाशी ताडावे आणि मगच कळ दाबावी. एवढ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

काम संपल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी व केवळ नवीवर तो सुरू करून पाहावा. दोन्ही जोडलेल्या राहिल्यास त्यांची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला बाजूला ठेवते. जुनी डिस्क लगेच पुसू नये. निदान महिनाभर कपाटात ठेवावी.

शेवटी एक भेद ध्यानी असावा. क्लोन म्हणजे त्या दिवसाचे छायाचित्र. जुन्या डिस्कमधील व्हायरस आणि चुकाही त्यात जशाच्या तशा उतरतात. उद्याची नोंद त्यात नसते. रोजच्या हिशेबाची प्रत रोजच घ्यावी लागते आणि ती पेढीबाहेर ठेवावी लागते. दुकान वाढवताना आपण गोदामाला दुसरे कुलूप लावतो; तेवढीच काळजी या नव्या वहीलाही हवी.