क्षारपाकातील पांढरा साका

राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावात पावसाळ्यानंतर बांधाबांधांवर आघाडा माजलेला असतो. तो सुकवून, जाळून, राख पाण्यात कालवून क्षारोदक गाळणे आम्हां वैद्यांस अवघड नाही. अर्शावर लावावयाचा प्रतिसारणीय क्षार पुरेसा दाहक झाला आहे, हे ठरवायचे कशावरून, हा खरा प्रश्न आहे. बाजारातून मागविलेल्या एका क्षारावर आम्ही आम्लाचा थेंब टाकताच तो जोराने फसफसला. वेष्टनावर ‘तीक्ष्ण’ छापलेले, आत मात्र बहुतांश कार्बोनेट! रुग्णास फिरून बोलवावे लागले.

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात शंखनाभी, शिंपले इत्यादी लाल होईतो तापवून क्षारोदकात विझविण्यास सांगितले आहे. प्रतीवापाविना केलेला क्षार मृदू. या भेदामागील रसायन आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली आपल्या हिंदू रसायनाच्या इतिहासात उलगडले. शालेय पुस्तकातील दुहेरी विस्थापन अभिक्रिया ती हीच. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट आणि भाजल्या शंखाचा चुना यांनी जोडीदार बदलले, तर दोन नव्या जोड्या संभवतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाण्यात सहज विरते. कॅल्शियम कार्बोनेट लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅमच विरते. म्हणून साका बसणार तो कॅल्शियम कार्बोनेटचाच, आणि वर उरणार दाहक क्षार. राखेतील पोटॅशियम क्लोराइड मात्र चुन्याने बसत नाही; ते तसेच राहते.

हिशेबही सोपा आहे. १३८ ग्रॅम शुद्ध कार्बोनेटास ७४ ग्रॅम विझवलेला चुना लागतो. १०० ग्रॅम साका बसतो व ११२ ग्रॅम दाहक क्षार मिळतो. द्रव फार दाट असल्यास अभिक्रिया अर्धवट राहते, म्हणून आटविणे साका गाळल्यानंतरच करावे. गाळलेल्या द्रवाचा थोडा भाग ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करून त्यात चुन्याची निवळी घालावी (विहिरीचे पाणी नको, त्यातील बायकार्बोनेटनेच गढूळपणा येईल). पांढरे झाले तर कार्बोनेट शिल्लक आहे.

सिद्ध क्षारही हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा मृदू होतो. सुश्रुताने तो लोखंडी कुंभात तोंड झाकून ठेवण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. फार्मसीचालक बंधूंनी प्रत्येक घाण्याची ही परीक्षा करून तिचा निष्कर्ष आणि निर्मितीची तारीख वेष्टनावर छापावी, अशी आमची मागणी आहे. तोवर वैद्यांनी कुपी फोडताच आम्लाचा एक थेंब टाकून पाहावा.