मधल्या फळीचे काय?

जुलै २०२५ च्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. जूनअखेर सहा लाख तेरा हजार असलेली कर्मचारीसंख्या सप्टेंबरअखेर पाच लाख त्र्याण्णव हजारांवर आली. त्यांत स्वेच्छेने गेलेलेही होते. तरीही मोठ्या कंपनीत चिकटलेला मुलगा आयुष्यभरासाठी मार्गी लागला, हा मध्यमवर्गीय घरांतील समज या आकड्यांनी मोडीत काढला.

मुंबईच्या वृत्तपत्रांत ही उद्योगविश्वातील बातमी ठरली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दृष्टीने ती घरातली बातमी आहे. पोखरण रस्ता, घोडबंदर रस्ता आणि ऐरोली येथील संगणक कंपन्यांच्या इमारती रोज सकाळी भरतात, त्या याच गावांतून निघणाऱ्या गाड्यांनी. जीव मुठीत धरून केलेल्या या प्रवासाची किंमत काय असते, हे ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून झालेल्या मृत्यूंनी पुन्हा एकदा दाखवून दिले. एवढे सोसून मिळवलेल्या वेतनावर घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण आणि वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी उभे असते. कात्री प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीवर चालली, म्हणजे नेमकी याच कर्त्या पिढीवर.

या परिसराला उद्योगांचे उदयास्त नवे नाहीत. २००९ साली आंबिवलीची एनआरसी बंद पडली. त्याच वर्षी ठाण्यातील रेमंडच्या गिरणीची चाके थांबली. एनआरसीच्या हजारो कामगारांना थकीत देण्यांसाठी पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले. परंतु त्या कामगाराला निदान उभे राहायला कारखान्याचे प्रवेशद्वार होते, सोबत संघटना होती आणि त्याचे दुःख सार्वजनिक होते. संगणक अभियंत्याचे दुःख बंद खोलीत घडते. सक्तीने राजीनामे घेतले जात असल्याची तक्रार 'नाइट्स' या कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली. कंपनीने आरोप फेटाळले. खरे-खोटे चौकशीने ठरावे. पण राजीनाम्यावर सही झाली की कागदोपत्री कपात उरतच नाही, हे वास्तव दृष्टीआड करता येणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही कपात होत नसून, बदललेल्या गरजांनुसार काहींना नवे काम देणे शक्य होत नाही, असे कंपनीचे मुख्याधिकारी के. कृतिवासन यांनी सांगितले. हे म्हणणे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. याच कंपनीने जून २०२५ मध्ये नियम केला की प्रत्येकाने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाला आकारणी करता येईल असे काम केले पाहिजे आणि बिनकामाचे दिवस पस्तीसच्या वर जाता कामा नयेत. शनिवार, रविवार आणि सणावाराच्या सुट्या वगळल्या की वर्षात कामाचे दिवस अडीचशेच्या आसपास राहतात. मग नवे तंत्र शिकायचे केव्हा? डोंबिवलीच्या परतीच्या गाडीत उभे राहून? शिकण्यासाठी वेळ द्यायचा नाही आणि पुढे कौशल्य नाही म्हणून दार दाखवायचे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

कायदाही येथे तोकडा पडतो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यावी, ही तिच्यातील स्वागतार्ह तरतूद आहे. मात्र व्यवस्थापकीय काम करणारा, तसेच अठरा हजारांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक 'कामगार' या व्याख्येतच बसत नाही. हातात दोन-चार माणसांचा गट आणि नावापुढे 'मॅनेजर' अशी पाटी असली की कायद्याचे छत्र डोक्यावरून जाऊ शकते. पाटीच्या आत प्रत्यक्ष काम काय चालते, यावरच संरक्षण ठरले पाहिजे, आणि ही कसोटी श्रम खात्याने कसोशीने लावली पाहिजे.

यंत्र अडवून धरावे, असे कोणी सुचवणार नाही. याच तंत्रज्ञानाने या शहरांतील हजारो घरांना सुस्थिती दिली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. मागणी एवढीच की प्रशिक्षणाचे तास कामाच्या तासांत मोजले जावेत आणि कपातीपूर्वी पुरेशी मुदत मिळावी.

समाजाचेही कर्तव्य आहे. नोकरी गेलेला गृहस्थ शेजाऱ्यांना कळू नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडत असेल, तर तो पराभव त्याचा एकट्याचा नाही. १८६४ पासून कल्याणात सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्या, १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभारणाऱ्या या भूमीला संस्था उभारण्याचे वळण आहे. मंडळे, वाचनालये आणि गृहसंस्थांनी मार्गदर्शनाचे, ओळखीपाळखीतून काम मिळवून देण्याचे आणि नव्या कौशल्यांच्या वर्गांचे काम हाती घ्यावे. कुटुंबांनीही दोन्ही मिळकती गृहीत धरून हप्त्यांचे डोंगर उभारण्याआधी सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याची खात्री करावी.

कंपनीच्या ताळेबंदात दोन टक्के हा एक आकडा असतो. घरात मात्र कर्ता माणूस टक्क्यांनी जात नाही, तो पूर्ण जातो. धोरण ठरवणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.