या वारशाला हक्कसोड नाही

जुन्नर-आंबेगावात दशक्रिया म्हणजे गावची सभाच. घाटावर प्रवचन होतं, मग पुढारी एकेक करून श्रद्धांजली वाहतात. हृदयविकारानं गेलेला माणूस चाळिशीतला असला की वाक्य ठरलेलं, ‘काळानं अचानक घाला घातला.’ खाली बसलेल्यांना मात्र ठाऊक असतं, याचा बापही असाच गेला आणि चुलताही. घराण्यात आहे हे अख्ख्या गावाला कळतं. मग घराण्याची तपासणी का होत नाही?

मी नारायणगावात लॅब टेक्निशियन आहे. मागे ओतूरकडचा एक पिकअपवाला आला होता. वय तिशीचं, अंगानं काटक, गळ्यात तुळशीची माळ. वडील पंचेचाळिशीत गेलेले, म्हणून डॉक्टरांनी लिपिड प्रोफाइल लिहून दिलेलं. ‘आम्ही माळकरी, आमच्यात कुठलं कोलेस्टेरॉल?’ असं म्हणतच त्यानं हात पुढे केला. नळी मशीनमध्ये फिरवली, तर वर आलेलं सीरम पिवळसर आणि नितळ. चरबी म्हटली की लोकांना दुधाळ रक्त वाटतं. पण दुधाळपणा येतो तो ट्रायग्लिसराइड फार वाढल्यावर. नुसतं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चढलं तर सीरम स्वच्छच दिसतं. त्याचं एलडीएल निघालं 236.

यात त्याच्या खाण्याचा दोष नव्हता. एलडीएल रक्तातून उचलण्याचं काम यकृत करतं. काहींच्या यकृताची ही सोयच जन्मापासून अपुरी असते. अमेरिकेतल्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी हे कोडं उलगडलं, त्यासाठी त्यांना 1985 साली नोबेल मिळालं. साधारण अडीचशे माणसांत एकाला हा आनुवंशिक दोष असतो. उपचार झाले नाहीत, तर अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आतच हृदयविकार गाठतो. कुणाच्या पापणीवर पिवळे चट्टे येतात, कुणाची टाचेमागची शीर जाड होते. पुष्कळांना बाहेरून काहीच दिसत नाही.

आई किंवा बाप, दोघांपैकी एकाला दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. आपल्याकडे वडिलोपार्जित जमिनीवर बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. या वारशात लेकीचा हिस्सा बरोबरीचा आहे आणि हक्कसोड चालत नाही. म्हणून नुसती भावकी तपासून भागत नाही. मंचरला दिलेली बहीण, तिची पोरं, आजोळचे मामा हे सगळे त्यात आले. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर जास्तच जपावं. दोघांतही दोष असला, तर मुलाला तो दुहेरी मिळू शकतो. ते विरळ, पण तेव्हा लहान वयातच हृदय धोक्यात येतं.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं 2024 मध्ये सांगितलं, की पहिलं लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी करावं. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर त्याआधीच. आमच्या आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात. त्यात ‘आईवडील-भावंडांत कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार?’ हा प्रश्न आहेच. ‘हो’ म्हटलं की 2 गुण मिळतात. पुढे बीपी तपासलं जातं, शुगर तपासली जाते; कोलेस्टेरॉल मात्र राहून जातं. विचारून झालेल्या प्रश्नाचं उत्तर असं कागदावरच पडून राहतं. जिथं उत्तर ‘हो’ आहे, त्या घरांपुरती तरी ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत व्हावी. सगळ्या तालुक्याचं रक्त काढा, असं मी म्हणत नाही. जनुकीय चाचणीही लगेच लागत नाही, साध्या लिपिड प्रोफाइलनं सुरुवात होते. ते खासगीत काही शे रुपयांत होतं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. फक्त त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू कराव्या लागतात आणि बरं वाटतंय म्हणून मनानं सोडायच्या नसतात.

पुढाऱ्यांना एक विनंती आहे. दशक्रियेला सगळे पाहुणे एका जागी असतात. श्रद्धांजलीतलं ‘अचानक’ गाळा आणि त्या जागी एवढंच सांगा: या घरातल्या भावांनी, बहिणींनी आणि त्यांच्या मुलांनी या महिन्यात एलडीएल तपासून घ्यावं.