नाताळ आणि "सांग ना, काय करू?"

आमच्या वसईच्या घरी नाताळच्या जेवणाला वीस माणसं असतात. सोरपोतेल दोन-तीन दिवस आधीच शिजवून ठेवायचं, कारण व्हिनेगर आणि मसाला मुरल्याशिवाय त्याला चव नाही. फुग्यांचं पीठ वेळेत भिजवून फुगू द्यायचं. हा सगळा हिशोब आईच्या डोक्यात. आम्ही भावंडं शहाण्यासारखी विचारायचो, "आई, सांग ना, काय करू?" आणि स्वतःवरच खूश!

गेल्या नाताळला आई मध्यरात्रीच्या मिस्सेला आलीच नाही. "पाय दुखतात, तुम्ही जाऊन या," म्हणाली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मदत करणं वेगळं, काम वाटून घेणं वेगळं. विचारणाऱ्याचे फक्त हात चालतात. आठवण ठेवायचं ओझं आईवरच राहतं.

म्हणून यंदा पदार्थच वाटून घेतलेत. बाजारापासून भांडी घासण्यापर्यंत ज्याचं त्याने बघायचं. सोरपोतेल वहिनीचं, फुगे दादाचे, केक माझा. दादाचे फुगे कदाचित दगड होतील... होऊ देत! आईला एकच काम, मिस्सेला आमच्या शेजारी बसायचं.

तुमच्या घरची यादी कोणाच्या डोक्यात असते?