विश्लेषण : ऑफिसातला आपला संगणक सहकाऱ्याने वापरला, तर जबाबदार कोण?

जेवणाच्या सुट्टीत कर्मचारी डबा घेऊन उठतो, संगणक तसाच सुरू राहतो. ‘दोन मिनिटांत एक प्रिंट काढतो’ म्हणत शेजारचा सहकारी त्याच्या खुर्चीत बसतो. अनेक कार्यालयांत यात कुणाला वावगे वाटत नाही. मात्र त्या दोन मिनिटांत गेलेला ईमेल, बदललेला आकडा किंवा पुसली गेलेली फाइल खुर्चीत बसलेल्याच्या नव्हे, तर ज्याचे लॉगिन सुरू होते त्याच्या नावावर नोंदली जाते.

लॉगिन म्हणजे सहीच, ती कशी?

कागदी कारभारात टिपणीखाली सही असे आणि हस्ताक्षर ओळखता येई. संगणकाला हस्ताक्षर कळत नाही. कोणत्या लॉगिनमधून, किती वाजता, काय केले गेले एवढेच तो नोंदवतो. पुढे चौकशी झाली, तर ‘मी तेव्हा जागेवर नव्हतो’ हे पटवून देण्यासाठी सीसीटीव्ही चित्रण शोधत फिरण्याची वेळ मूळ कर्मचाऱ्यावर येते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला लावून ठेवण्याची सवय तर आणखी घातक. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ५ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला हातच्या सहीइतकीच मान्यता आहे. ती दुसऱ्याच्या हाती जाणार नाही, याची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी कलम ४२ ने स्वाक्षरीधारकावरच टाकली आहे.

कायदा काय सांगतो?

मालकाच्या किंवा संगणकाचा ताबा असलेल्याच्या परवानगीविना संगणकात शिरणे, माहिती उतरवून घेणे किंवा नष्ट करणे यासाठी कलम ४३ नुसार भरपाई द्यावी लागू शकते. हेच कृत्य अप्रामाणिक वा कपटी हेतूने केले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशाच हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे हा कलम ६६ सी खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे केवळ प्रिंट काढणारा सहकारी लगेच गुन्हेगार ठरत नाही. पण कार्यालयातला संगणक सहसा आस्थापनेच्या मालकीचा असतो. त्यामुळे तो कुणी वापरावा, हे दोन सहकाऱ्यांनी आपसांत ठरवण्याची गोष्ट नाही.

पासवर्ड वाटून घेण्याची सवय कशामुळे?

दरवेळी हेतू वाईट असतो असे नाही. पाच जणांत दोन संगणक, सॉफ्टवेअरचे मोजके परवाने, कुणाची अचानक रजा, कामाच्या गडबडीत साहेबांनीच लिपिकाला सांगून ठेवलेला पासवर्ड अशी कारणे त्यामागे असतात. परिणाम मात्र गंभीर होऊ शकतो. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतला गैरव्यवहार उघड झाला, तेव्हा पासवर्ड दुसऱ्यांच्या हाती दिल्याचे आरोप झाले होते. बँकेत नोंद करणारा एक आणि तिला मंजुरी देणारा दुसरा, अशी रचना मुद्दाम केलेली असते. दोघांचे पासवर्ड एकाच हातात आले, की ही रचना फक्त कागदावर उरते.

रोखायचे कसे?

उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणे एकत्र दाबली, की विंडोजचा पडदा कुलूपबंद होतो. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू दाबावे. विसर पडलाच तर काही मिनिटांनी पडदा आपोआप लॉक होईल, अशी सोय सेटिंगमध्ये करून ठेवावी. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवू नये, ब्राउझरमध्ये बँकेचे व वैयक्तिक पासवर्ड साठवू नयेत आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब सुरू ठेवून जागा सोडू नये. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काढून कुलपात ठेवावे. संगणक सामाईकच असेल, तर प्रत्येकाचे वेगळे खाते तयार करून घ्यावे. आपल्या मागे कुणी संगणक वापरल्याची शंका आली, तर पासवर्ड बदलावा, पाठवलेले ईमेल तपासावेत आणि वरिष्ठांना व तांत्रिक विभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे. तोंडी तक्रारीचा पुढे पुरावा राहत नाही.

संकोच मोडणार कोण?

खरी अडचण तंत्राची नाही, भिडेची आहे. पडदा लॉक केला, की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतो. रोखपाल गल्ल्याला कुलूप लावून उठतो तेव्हा कुणी रुसत नाही, मग संगणकालाच वेगळा न्याय का? त्यातही कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटरने साहेबांना पासवर्ड नाकारावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. नोकरीच्या भीतीने तो देणारच आणि उद्या घोटाळा झाला तर पहिली नोटीसही त्यालाच येणार. म्हणून नियम वरून यायला हवा. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, रजेच्या काळात अधिकार सोपवण्याची लेखी पद्धत आणि विभागासाठी सामाईक ईमेल या सोयी देणे व्यवस्थापनाचे काम आहे. त्या न देता ‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ असे परिपत्रक काढणे म्हणजे स्वतःचे हात झटकणे होय. आणि हा नियम साहेबांच्या टेबलावर आधी पाळला गेला, तरच खालच्यांना तो पाळता येईल.